सहाबोटे मास्तरांची हजेरी

४ नोव्हेंबर

अरे कागदकिड्या,

तुझं पत्र पोचलं. तब्येतीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत आहे.

तू लिहिलंस की तुमच्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत पूर्वी जी वैद्यकशाळा होती, गोऱ्या सरकारने इथल्या मुलांना डॉक्टर करायला काढलेली, तिच्या सगळ्या शिक्षकांची नावं आता दगडावर कोरून दर्शनी भिंतीत बसवणार आहेत. आणि जुनी दप्तरं चाळून ती यादी करायचं काम प्राचार्यांनी तुझ्या गळ्यात घातलंय. हे सगळं पत्राच्या शेवटी, दोन ओळींत. खरी गोष्ट तळाशी लपवायची खोड तुझ्या आईची.

आता माझं ऐक. माझे पणजोबा, म्हणजे तुझे खापरपणजोबा, त्या शाळेत मास्तर होते. तुझ्या आईने हे तुला सांगितलं नसेल, तिला लाज वाटायची. कारण पणजोबा नावाडी होते. अक्षरशत्रू. अंगठा उठवायचे. नदी आटली त्या वर्षी काम शोधायला शहरात गेले ते परत आलेच नाहीत. चार वर्षांनी एक तरुण डॉक्टर विचारत विचारत गावात आला, आमच्या पणजीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे यजमान आमचे मास्तर होते. हात आम्हाला त्यांनी शिकवला." पुढे तो जिवंत होता तोवर दरवर्षी यायचा. घरातल्या प्रत्येकाची नाडी बघायचा, औषध द्यायचा आणि पाणी पिऊन जायचा.

गावाने थट्टा करायची ती केलीच. "नावाडी डॉक्टरांना काय शिकवणार, वल्हं मारायला?" माझ्या जाऊबाई अजून म्हणतात, "तुमच्याकडे काय बाई, अंगठेबहाद्दरसुद्धा मास्तर." मी तेहेतीस वर्षं पोरांना शिकवलं. निवृत्तीच्या सभेत म्हणाले, मास्तरकी आमच्या घरात पणजोबांपासून आहे. तेव्हा हेडमास्तर गालातल्या गालात हसले. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

खूण सांगते. पणजोबांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. माझ्याही आहेत, तुला ठाऊकच आहे. लहानपणी तेच बोट धरून चालायचास. तुझ्या आईच्या वाट्याला पाचच आली.

सापडले तर कळव. नाही सापडले तरी कळव. मला शहात्तरावं लागलंय, आता गोड बोलून गप्प करणारं कुणी नको.

तुझी मावशी


१९ नोव्हेंबर

मावशी, पाया पडतो.

सापडले. बाकीचं सावकाश वाच, पण हा शब्द आधी वाच. सापडले.

जिन्याखालच्या खोलीत जुनी दप्तरं आहेत. पंधरा दिवस तिथे बसून शिंकतोय. शिपाई म्हणतो, "साहेब, तुम्ही आतले आणि उंदीर बाहेरचे झाले." पण एवढं वाचल्यावर त्या शाळेविषयी मनात फार आदर दाटून आलाय. सत्तावीस वर्षं चालली. पहिल्या वर्षी बारा मुलं. पुस्तकं साहेबांच्या भाषेतली आणि मुलांना ती येत नव्हती. म्हणून साहेब डॉक्टर एक वाक्य बोलायचे आणि शेजारी बसलेले पंतोजी ते आपल्या भाषेत सांगायचे. शरीराच्या आतल्या कितीतरी भागांना रोजच्या बोलण्यात शब्दच नव्हते. ते पंतोजींनी खाटकाकडून, सुइणींकडून, हाड बसवणाऱ्यांकडून गोळा करून आणले. मुलं सगळं हाताने वहीत उतरवून घ्यायची आणि पुढच्या वर्षीची मुलं त्या वह्यांवरून. शिकून निघालेल्यांना 'देशी डॉक्टर' म्हणायचे. साहेबांचे डॉक्टर जिथे जायला कचरत त्या तापाच्या छावण्यांवर यांना धाडायचे आणि हे जायचे. मग वरून हुकूम आला की यापुढे शिकवणं साहेबांच्याच भाषेत. शाळेला कुलूप लागलं. तुझ्या पणजीच्या दारात उभा राहिलेला तो डॉक्टर यांच्यातलाच एक.

आता मुख्य. शिक्षकांचा हजेरीपट मिळाला, पंतोजींच्या अक्षरातला. वर आठ नावं, साहेबांची आणि आपल्या लोकांची. खाली एकेचाळीस जण, ज्यांची नावं लिहिलेली नाहीत. विणकर मास्तर. दाढीवाले मास्तर. पांगळे मास्तर. दोन मास्तरीणबाईसुद्धा आहेत, आणि त्या काळात. आणि शाळेच्या अकराव्या वर्षाच्या थंडीत, मावशी, ही ओळ: 'सहाबोटे मास्तर. विषय हात व मनगट. हजर दिवस नऊ.'

मी हात जोडले. जिन्याखाली दुसरं काय करणार.

माझा अंदाज असा, की पंतोजी कारागिरांना बोलावत असावेत. विणकराने टाके घालायला शिकवलं असेल, नावाड्याने हाताची पकड. एक गंमत बघ, त्या एकेचाळीस जणांत एकाची रजा नाही, एकाचा उशीर नाही. आमच्या कचेरीत असा एक माणूस दाखव. प्राचार्य तर इतके खूश झाले की त्यांनी सभेत सांगूनही टाकलं, 'समाजातले एकेचाळीस मानद शिक्षक'. यादी जानेवारीअखेर पाथरवटाकडे जाईल, फेब्रुवारीत भिंत खुली होईल. तुला न्यायला मी स्वतः येईन. जाऊबाईंनाही घेऊन ये.

शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, पण त्याची शाई फार फिकी आहे. तो वाचायचा राहिलाय.

तुझा कागदकिडा


२७ नोव्हेंबर

बाळा,

वाचलं. दोनदा वाचलं. देवापुढे ठेवून तिसऱ्यांदा वाचलं.

जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही. तूही आईच्या माहेरी कुणाला लिहू नकोस. आधी तो शेऱ्याचा रकाना वाच. फिका असला तरी वाच. डोळ्यांना त्रास झाला तर मावशीला शिव्या दे, पण पणजोबांपुढे जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठव. अंदाज नको. तुझे अंदाज लहानपणापासून फार सुबक असतात.

तुझी मावशी


२२ डिसेंबर

मावशी, पाया पडतो.

उत्तराला उशीर झाला. वर्षअखेरीची कामं होती. थंडी आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलंय, मिळालं असेल.

यादीची थोडी फेरतपासणी चालू आहे. तेव्हा तू इतक्यात यायची तयारी करू नकोस. तो रकाना नीटसा लागत नाही. जुनी शाई आहे. लागेल तेवढं लागेल. तू त्याचा फार विचार करू नकोस. पणजोबा पटावर आहेत हे काय थोडं झालं.

तुझा


३० डिसेंबर

बाळा,

तू सहीच्या जागी 'कागदकिडा' लिहायला विसरलास. तेहेतीस वर्षं मी पोरं बघितली. पाटी पाठीमागे धरून 'बाई, पुसली गेली' म्हणणारं पोर मला पत्रातूनही दिसतं. तू तो रकाना वाचलायस.

आता मी जे दाबून ठेवलं ते सांगते, म्हणजे फिटंफाट.

तो डॉक्टर पणजीशी बोलत होता तेव्हा माझे आजोबा दाराआड उभे होते. जेमतेम आठ वर्षांचे. डॉक्टर आणखी एक वाक्य बोलला होता, जे घरात पुढे कुणीच उच्चारलं नाही. आजोबांनी ते मला सांगितलं, मी अकरा वर्षांची असताना, माझं सहावं बोट हातात धरून. डॉक्टर म्हणाला होता, "आम्ही त्यांच्या सहाव्या बोटाला शेवटपर्यंत हात लावला नाही."

जिवंत माणसाच्या बोटाविषयी असं कुणी बोलत नाही. अकराव्या वर्षीही मला ते कळलं. पणजोबांनी कशा तऱ्हेने हात शिकवला हे मी पासष्ट वर्षं जाणून आहे. त्यांना कुणी विचारलं नसणार, हेही. ते आजही टोचतं.

मग म्हणशील, मावशीने मला जिन्याखाली कशाला बसवलं? तर ऐक. 'मास्तर' हा शब्द तो डॉक्टर दारात उभं राहून बोलला. समोर विधवा बाई, मागे पोर. अशा वेळी भला माणूस खोटंही बोलतो. मीही बोलले आहे, नापास पोराच्या आईशी. मला एवढंच हवं होतं की त्या खोलीत, आमच्यातलं कुणी ऐकत नसताना, ते त्यांना काय म्हणत होते. मास्तर म्हणत होते, की तो शब्द डॉक्टरने पणजीच्या दारात दयेपोटी काढला. सभेत मी अभिमानाने जे बोलले ते खरं होतं की कुणीतरी घातलेली भीक होती.

सापडल्याचं तुझं पत्र वाचून छाती भरून आली. पण तू 'कारागीर' म्हणालास, तेव्हा वाटलं, हे दुसरेच कुणी सहाबोटे असतील तर? म्हणून शेरा मागितला.

मला सांभाळू नकोस. सांग.

मावशी


८ जानेवारी

मावशी,

मला माफ कर. जे तुला हवं होतं तेच मी तुझ्यापासून लपवून बसलो होतो.

झालं असं. सकाळची तिरपी उन्हं जिन्याच्या खिडकीतून येतात. पट तिथे आडवा धरला आणि फिकी शाई दिसायला लागली. विणकर मास्तरांपुढे होतं, 'धर्मादाय वॉर्डातून आणले. नातलग नाही.' पांगळ्या मास्तरांपुढे, 'रस्त्यावर सापडले.' तेव्हा माझ्या सुबक अंदाजाचं पीठ झालं. एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी, देह टिकतो त्या थंडीच्याच महिन्यांतल्या का, रजा का नाही, उशीर का नाही, सगळं एकदम उलगडलं. मी त्यावर विनोद केला होता. पट मिटला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

मग वाटलं, हे मावशीला कसं सांगू. म्हणून ते तेल पाठवलं.

आता जसंच्या तसं उतरवतो. 'सहाबोटे मास्तर. नावाडी. तापाच्या वॉर्डातून आणले. गाव सांगितले होते, निरोप धाडला, उत्तर नाही. दोन दिवस वाट पाहिली. नऊ दिवस शिकविले. पाच बोटे झाली. सहावे पुस्तकात नाही, ते ठेवले. शेवटच्या दिवशी सर्व मुलांनी नदीपर्यंत पोचविले. अनवाणी.'

तुझ्या आजोबांचं वाक्य आणि हे एकच आहे, मावशी. हे आपलेच.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ही नोंद डॉक्टर तुझ्या पणजीच्या दारात आला त्याच्या चार वर्षं आधीची आहे. पटाच्या पहिल्या पानावर पंतोजींनी चार ओळी लिहिल्यात. नेहमीचा काही नियम असेल म्हणून मी पान उलटलं होतं. त्या अशा: 'मुले प्रथम त्या खोलीत जाण्यास तयार नव्हती. घरचे पंक्तीस घेईनात. मी म्हटले, आत मास्तर आहेत, मास्तरांकडे जाण्यास कसली लाज. तेव्हापासून मुले दारात उभी राहून 'मास्तर, आलो' म्हणून आत जातात. साहेबांनी विचारले, मुडद्यांची नोंद शिक्षकांच्या पटात का? मी म्हटले, आपणही त्यांच्याकडूनच शिकलात. साहेबांनी सही केली.'

सही आहे. मी बघितली.

म्हणजे त्या खोलीत बारा-पंधरा मुलं रोज सकाळी आपल्या पणजोबांना 'मास्तर, आलो' म्हणत होती. ऐकायला घरचं कुणी नव्हतं. डॉक्टर तुमच्या दारात नवीन काहीच बोलला नाही. तोंडात बसलेला शब्दच तो बोलला.

तुझं पत्र आल्यावर पट काखेत मारून प्राचार्यांकडे गेलो. ते स्वतः शस्त्रक्रिया करणारे. वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, मी सभेत मानद शिक्षक असं सांगून बसलोय. आता काय सांगू, मुडदे होते म्हणून? ती एकेचाळीस नावं काढून टाका. आठच ठेवा."

मी म्हटलं, "साहेब, शाळेने त्यांना पटावर घेतलंय. वरच्यांची सही आहे. पटावरून मास्तरांचं नाव कमी करायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"तुम्ही कारकून आहात की वकील?"

"कारकूनच आहे. म्हणून तर विचारतोय."

मग ते चष्मा पुसत राहिले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "बसा. माझी पहिली एक म्हातारी होती. कानाची भोकं बुजू नयेत म्हणून एकात काडी घातलेली. तीन महिने आम्ही तिच्याकडून शिकलो. ती कोण, कुठली, मी एकदाही विचारलं नाही. काडी तेवढी आठवते." परत चष्मा पुसला. "एकेचाळीस राहू द्या. पंतोजींनी लिहिलंय तसंच कोरायचं. आणि खाली एक ओळ मोकळी सोडायला सांगा."

पाथरवट यादी बघून म्हणाला, "सहाबोटे हे आडनाव का?" मी म्हटलं, "आमच्याकडे चालतं."

पुढच्या महिन्यात भिंत खुली होईल तेव्हा तुला न्यायला येतोच, तारीख मागाहून कळवतो. तेलाचा राग नसावा.

तुझा कागदकिडा


२३ फेब्रुवारी

अरे कागदकिड्या,

तू मला घरी सोडून गेलास आणि मी झोपलेच. आज लिहिते. सबंध दिवस तू माझ्या मागेमागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होतास, पण मध्ये तासभर प्राचार्यांनी तुला खुर्च्या मांडायला धाडलं होतं. तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही.

भिंतीपाशी मी आणि जाऊबाई होतो. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं, सहाबोटे मास्तर. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "नावाडी तो नावाडीच. पार करूनच गेला." आणि पदराने ते अक्षर पुसलं, धूळ नसताना. चाळीस वर्षांत ही बाई मला पहिल्यांदा आवडली. तिला सांगू नकोस.

मग प्राचार्य आले. माझ्या हाताकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, बघायचाय का?" ते पोरासारखे लाजले. म्हणाले, "मला नको. पहिल्या वर्षाची मुलं आहेत इथे. तुमची हरकत नसेल तर." मी म्हटलं, तुम्ही विचारलंत, मग हरकत कसली.

शिपायाने खुर्ची दिली. सातआठ मुलं भोवती जमली. एक बारकीशी मुलगी पुढे होती. थंडगार हात. "आजी, दुखलं तर सांगा," म्हणाली आणि मनगटापासून एकेक हाड चाचपत, नाव घेत निघाली. घाबरत होती. दोन नावं चुकली, शेजारच्या मुलाने सांगितली, त्याचंही एक चुकलं. मला माझा वर्ग आठवला. अंगठा झाला, मग एकेक करत पाच बोटं झाली आणि ती थांबली. म्हणाली, "पुस्तकात एवढंच आहे."

मी म्हटलं, "सहावंही बघ. ते तुमच्यासाठीच ठेवलंय."

तिने ते धरलं, बाळा. तू धरायचास तसं. मग एकेकाने धरून बघितलं, आत हाड आहे का, हलतं का. कुणी हसलं नाही. मला वाटलं, पणजोबांचा पाठ एवढाच उरला होता.

आता एक काम कर. त्या पटात पाहुण्याला जागा नसेल, तरी पेन्सिलीने एका कडेला लिही. शाळा बंद झालेली असली तरी पट तुझ्याच ताब्यात आहे. 'सहाबोट्या मास्तरीणबाई. विषय हात. हजर दिवस एक.' आणि उशीर अर्धा तास, गाडीमुळे. तो लपवू नकोस. आमच्या घराण्यात वेळेवर येणारे मास्तर आधीच होऊन गेलेत.

तुझी मावशी